चौघांचा प्रकल्प, एक गिट रेपो: हरवलेलं काम कसं शोधायचं आणि पुन्हा हरवू नये म्हणून काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार विद्यार्थी, एका सत्राचा वेब प्रकल्प, गिटहबवर एकच रेपो (गिट हे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, रेपो म्हणजे प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास). सगळे थेट 'मेन'वर, म्हणजे सामाईक मुख्य ब्रांचवर (ब्रांच म्हणजे कामाचा वेगळा धागा), पुश करतात, म्हणजे आपला कोड वर पाठवतात. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक पुलला (इतरांचे बदल आपल्याकडे घेताना) कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, येतोय, एकीने लिहिलेलं लॉगिनचं काम कोडमधून गायब झालंय, आणि कोणी किती काम केलं हे मार्गदर्शकांना कसं दाखवायचं तेही कळत नाहीये. आता काय करावं आणि पुढच्या प्रकल्पात सुरुवातच कशी करावी?

(कमांड मी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.)

आधी गायब झालेलं काम, कारण ते बहुतेक परत मिळेल. सध्या कोणीही काहीही 'साफ' करायला जाऊ नका. फोल्डर डिलीट करून नवा क्लोन (रेपोची ताजी प्रत) घेऊ नका, फोर्स पुश (गिटहबवरचा इतिहास हटवून आपला लादणं) तर अजिबात नको. चौघांच्या मशीनवर जे आहे ते जसंच्या तसं राहू द्या. एकदा कमिट झालेली, म्हणजे इतिहासात नोंदवलेली, गोष्ट गिटमधून सहजासहजी नाहीशी होत नाही, ती फक्त दिसेनाशी होते.

तुमच्या वर्णनावरून दोन शक्यता जास्त वाटतात. एक, कॉन्फ्लिक्ट आल्यावर कोणीतरी नीट न वाचता एडिटरमध्ये संपूर्ण फाइलसाठी एकच बाजू स्वीकारली. दोन, कॉन्फ्लिक्टला कंटाळून कोणीतरी नवा क्लोन घेतला, त्यावर आपलं जुनं फोल्डर पेस्ट केलं आणि कमिट केलं. दुसऱ्या प्रकारात गिटच्या दृष्टीने त्या व्यक्तीने इतरांच्या ओळी मुद्दाम काढल्या असा अर्थ होतो. त्यामुळे कॉन्फ्लिक्ट येत नाही आणि इशाराही मिळत नाही. 'गिट लॉग -पी -- लॉगिन.जेएस' चालवलं की तो कमिट लाल, म्हणजे काढलेल्या, ओळींच्या मोठ्या गठ्ठ्यासकट समोर येतो.

पहिला प्रकार जास्त फसवा आहे. मर्ज करताना, म्हणजे दोन बाजूंचे बदल एकत्र जोडताना, पूर्ण फाइल एकाच बाजूची घेतली असेल, तर साधं 'गिट लॉग -- लॉगिन.जेएस' दुसऱ्या बाजूचे कमिट दाखवतच नाही. एखाद्या फाइलचा इतिहास विचारला की गिट तो सोपा करून दाखवतं: मर्जनंतरची फाइल ज्या बाजूशी हुबेहूब जुळते, फक्त त्याच बाजूने मागे जातं. मग 'मी कमिट केलंच होतं' आणि 'इतिहासात तर काहीच नाही' असा वाद सुरू होतो आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. अशा वेळी 'गिट लॉग --फुल-हिस्ट्री --ग्राफ -- लॉगिन.जेएस' वापरा, म्हणजे दडलेले कमिट दिसतील. ज्या मर्जचा संशय आहे त्याचा हॅश (लॉगमध्ये दिसणारी कमिटची ओळखखूण) घेऊन 'गिट शो --रीमर्ज-डिफ हॅश' चालवा. गिट तो मर्ज स्वतः पुन्हा करून बघतं आणि माणसाने त्यात हाताने काय बदललं तेवढंच दाखवतं. ही सोय २०२२ मध्ये आवृत्ती २.३६ पासून आली, तेव्हा गिट जुनं असेल तर आधी अपडेट करा.

हवा तो कमिट सापडला की नवी ब्रांच काढून तिच्यावर 'गिट रिस्टोअर -पी --सोर्स=हॅश -- लॉगिन.जेएस' चालवा. इथलं '-पी' विसरू नका. त्याशिवाय अख्खी फाइल जुन्या स्थितीत जाईल आणि त्यानंतर त्याच फाइलमध्ये इतरांनी केलेलं काम उडेल. '-पी'मुळे गिट एकेक तुकडा दाखवून विचारतं, घ्यायचा की नाही.

कोणी फोर्स पुश केला असेल तर गिटहबवरच्या ब्रांचमध्ये जुने कमिट दिसणार नाहीत. पण ज्याच्या मशीनवर ते होते तिथे 'गिट रिफ्लॉग'मध्ये (त्या मशीनवरच्या हालचालींच्या नोंदवहीत) ते सापडतात. रिफ्लॉगच्या नोंदी एरवी ९० दिवस राहतात, आणि जे कमिट आता ब्रांचच्या इतिहासात उरले नाहीत त्यांच्या ३० दिवस. हॅश मिळाला की लगेच 'गिट ब्रांच वाचवलेलं हॅश' करून त्याला नाव देऊन टाका, म्हणजे तो साफसफाईत जाणार नाही.

कधी कमिटच न केलेलं काम 'गिट रिसेट --हार्ड' किंवा 'गिट रिस्टोअर .' मुळे गेलं असेल तर मात्र अवघड आहे. निदान 'गिट अ‍ॅड' केलं असेल तर 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' ते बाहेर काढतं, फक्त फाइलींची नावं जातात, मजकूर उघडून ओळखावा लागतो. अ‍ॅडही केलं नसेल आणि व्हीएस कोड वापरत असाल, तर फाइल उघडून डाव्या बाजूच्या एक्सप्लोररमधलं 'टाइमलाइन' बघा. सेव्ह केलेल्या जुन्या प्रती तिथे असू शकतात.

आता मुळाशी येऊ. विद्यार्थी गटांचे हाल कमांड येत नाहीत म्हणून फार कमी वेळा होतात. खरं कारण असतं दोन मर्जमधलं अंतर. मर्ज करताना गिट तीन गोष्टी बघतं: तुमची आवृत्ती, समोरची आवृत्ती आणि दोघांचा शेवटचा सामाईक पूर्वज. पूर्वजाच्या तुलनेत दोघांनी एकच किंवा अगदी लगतच्या ओळी बदलल्या असतील तरच कॉन्फ्लिक्ट. पूर्वज कालचा असेल तर दोघांच्या बदलांचा एकमेकांवर पाय पडण्याची शक्यता कमी, आणि पडला तरी चार-सहा ओळींचा मामला. पूर्वज तीन आठवड्यांपूर्वीचा असेल तर अर्धी फाइल लाल, आणि आपण काय, का बदललं हे आपल्यालाही आठवत नाही. म्हणून माझा एकच आग्रह आहे: कुठलीही ब्रांच दोन दिवसांपेक्षा जास्त जगू देऊ नका. बाकी सगळे नियम यातून आपोआप येतात.

दोन दिवसांत लॉगिन होत नाही, हे बरोबर. पण लॉगिनचं नुसतं पान होतं. ते मर्ज करा. मग सर्व्हरवरचा मार्ग, तो मर्ज करा. मग पासवर्ड तपासणं, मग सेशन. अर्धवट सुविधा मेनमध्ये गेली तरी बिघडत नाही, फक्त मेन्यूत तिची लिंक देऊ नका. मेनमध्ये अपूर्ण कोड चालतो, मोडका कोड चालत नाही. हा फरक चौघांनी पहिल्याच दिवशी मान्य करून ठेवावा.

पहिल्या दिवशी चौघांनी एकदम काम सुरू करू नका. एकाने सांगाडा उभा करावा आणि तो चालतो हे बाकी तिघांनी आपापल्या मशीनवर बघावं, मगच कामं वाटून घ्यावीत. सांगाड्यात तीन फाइली हव्यातच. '.गिटइग्नोर'मध्ये नोड_मॉड्यूल्स, पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, बिल्डचं आउटपुट, आयडीईची खासगी फोल्डर आणि '.ईएनव्ही'. '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स'मध्ये '* टेक्स्ट=ऑटो' ही एक ओळ. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अक्षरं ठेवतं, लिनक्स आणि मॅक एक. ही ओळ नसेल तर एखाद्या दिवशी एकही शब्द न बदलता अख्खी फाइल बदललेली दिसते आणि प्रत्येक ओळीवर कॉन्फ्लिक्ट येतो. तिसरी फाइल फॉरमॅटरच्या सेटिंगची. एकाच्या एडिटरने दोन स्पेस आणि दुसऱ्याच्या एडिटरने चार स्पेस केल्या की तोच प्रकार होतो. फॉरमॅटर मध्येच आणायचा असेल तर सगळ्या ब्रांच मर्ज झाल्यावर, एका वेगळ्या कमिटमध्ये आणा. त्या कमिटमध्ये दुसरं काहीही नको.

रोजचं काम सुरू करताना:

गिट स्विच मेन
गिट पुल --एफएफ-ओन्ली
गिट स्विच -सी लॉगिन-पान

'--एफएफ-ओन्ली' का? मेनवर तुम्ही कधीच थेट कमिट करणार नसाल तर हा पुल नेहमी सरळ होतो. तो अडला, तर चुकून मेनवर कमिट झालाय हे तिथल्या तिथे कळतं. पर्याय न देता पुल केलं आणि दोन्हीकडे वेगळे कमिट असले, तर २०२१ नंतरचं गिट 'कसं जुळवू ते सांगा' म्हणून थांबतं. तिथे शोधून सापडलेली पहिली कमांड डकवणं हे घोळाचं नेहमीचं कारण आहे.

काम झालं की 'गिट अ‍ॅड .' ऐवजी 'गिट अ‍ॅड -पी' करा. डीबगिंगसाठी टाकलेली प्रिंटची ओळ, चुकून बदललेलं पोर्ट, सगळं इथेच नजरेला पडतं. मग 'गिट कमिट', 'गिट फेच', 'गिट मर्ज ओरिजिन/मेन', प्रोग्राम चालवून बघणं, पुश आणि पुल रिक्वेस्ट (आपले बदल मेनमध्ये घ्या, अशी गिटहबवरची विनंती). मेनमधले बदल आधी आपल्या ब्रांचवर घेतल्याने कॉन्फ्लिक्ट तुमच्याकडे सुटतो, मेन शाबूत राहतं.

रिबेस (आपले कमिट मेनच्या टोकावर पुन्हा रचणं) की मर्ज, यावर गटात तासभर घालवू नका. पुश केलेल्या ब्रांचवर रिबेस केलं की फोर्स पुश करावा लागतो, आणि नवख्या गटात फोर्स पुशची सवय लागणं धोक्याचं. मर्ज करा, आणि पुल रिक्वेस्ट स्वीकारताना गिटहबवर 'स्क्वॉश अँड मर्ज' निवडा. मेनचा इतिहास तसाही स्वच्छ राहतो. मात्र स्क्वॉश केल्यावर ती ब्रांच डिलीट करा, पुढचं काम तिच्यावर चालू ठेवू नका. स्क्वॉश तुमच्या पाच कमिटांचा नवीनच एक कमिट बनवतो. तुमचे जुने पाच त्यात आलेत हे गिटला कळत नाही, सामाईक पूर्वज जुनाच राहतो, आणि पुढच्या पुल रिक्वेस्टमध्ये तुमचाच कोड तुमच्याच कोडशी भांडायला लागतो. 'काहीच बदललं नाही तरी कॉन्फ्लिक्ट' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

मेनवर थेट पुश बंद करता येतो. गिटहबवर सार्वजनिक रेपोसाठी ब्रांच प्रोटेक्शन मोफत आहे. खासगी रेपोसाठी सशुल्क योजना लागते, जी गिटहबच्या विद्यार्थी पॅकमधून मिळते. ते जमलं नाही तर तोंडी नियमही पुरतो, पण तो सगळ्यांनी पाळला तर. डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स अशा कायमच्या ब्रांचांची गिट-फ्लो पद्धत चौघांच्या प्रकल्पात आणू नका. २०१० मध्ये ती मांडणाऱ्या विन्सेंट ड्रिसेन यांनीच २०२० मध्ये त्या लेखावर टीप घातली, की सतत अद्ययावत होणाऱ्या वेब अ‍ॅपसाठी याहून साधी पद्धत निवडा.

कॉन्फ्लिक्ट सोडवायची पद्धत मात्र एकदा नीट शिकून घ्या. सगळ्यात आधी ही सेटिंग:

गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल झेडडिफ३

एरवी गिट फक्त दोन बाजू दाखवतं. या सेटिंगने मधला पूर्वजही दिसतो, आणि त्याने सगळा फरक पडतो. समजा ग्रंथालयाच्या अ‍ॅपमध्ये उशिराचा दंड काढणारी एक ओळ आहे आणि कॉन्फ्लिक्ट असा आला:

<<<<<<< हेड
दंड = दिवस * दर
||||||| पूर्वज
दंड = दिवस * २
=======
दंड = कमाल(०, दिवस) * २
>>>>>>> ओरिजिन/मेन

मधली ओळ झाकून बघा. दोन पर्याय दिसतात आणि हात आपोआप त्यातला एक निवडायला जातो. मधली ओळ उघडली की कळतं, दोघांनी दोन वेगळी कामं केली आहेत. तुम्ही ठोक २ काढून दर आणला; मैत्रिणीने पुस्तक मुदतीआधी परत आलं तर दंड उणे होऊ नये याची सोय केली. बरोबर उत्तर दोन्हींपैकी एकही नाही. ते आहे 'दंड = कमाल(०, दिवस) * दर'. कुठलीही एक बाजू निवडली असती तर एकाचं काम गुपचूप गेलं असतं, आणि प्रोग्राम तरीही चालला असता. पूर्वजाकडून प्रत्येक बाजूने काय बदललं हे मनात म्हणा, मग दोन्ही बदल ठेवून ओळ लिहा. समोरच्याचा हेतू कळत नसेल तर त्याला फोन करा, अंदाज करू नका. फारच गुंता झाला तर 'गिट मर्ज --अबॉर्ट'ने तुम्ही मर्जच्या आधीच्या स्थितीत परत जाता. खुणा चुकून फाइलमध्ये राहिल्या का, हे कमिट करण्याआधी 'गिट डिफ --कॅश्ड --चेक' सांगतं.

कोणी रिबेस करतच असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. रिबेसमध्ये बाजू उलट होतात. 'अवर्स', म्हणजे व्हीएस कोडमधला 'करंट', हे मेन असतं आणि 'इनकमिंग' म्हणजे तुमचं स्वतःचं काम. आपलं वाचवतोय असं समजून 'करंट' दाबलं की आपलंच काम जातं.

कॉन्फ्लिक्ट न येता झालेला मर्जही बरोबरच असेल असं नाही. एकाने एका फाइलमध्ये फंक्शनचं नाव बदललं आणि त्याच वेळी दुसरीने वेगळ्या फाइलमध्ये जुन्या नावाने ते बोलावलं, तर ओळी वेगळ्या असल्याने गिट शांतपणे जोडून टाकतं आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून मर्जनंतर प्रोग्राम चालवणं ही वेगळी पायरी आहे. गिटहब अ‍ॅक्शन्सवर प्रत्येक पुल रिक्वेस्टला बिल्ड आणि दोन-चार चाचण्या चालतील एवढी व्यवस्था अर्ध्या दिवसात होते. चार जणांच्या गटात त्याहून उपयोगी अर्धा दिवस दुसरा नाही.

रिव्ह्यू लहान ठेवा. दोनशे-तीनशे ओळींची पुल रिक्वेस्ट माणूस वाचतो, दोन हजारांची न वाचता मंजूर करतो. एकाची मंजुरी पुरे, पण ती त्याच दिवशी हवी. रिव्ह्यू दोन दिवस पडून राहिला की दोन दिवसांच्या ब्रांचचा नियम तिथेच मोडला.

काही फाइली नेहमी त्रास देतात. '.गिटइग्नोर' आधीच ट्रॅक झालेल्या फाइलीला लागू होत नाही. त्यासाठी 'गिट आरएम -आर --कॅश्ड नोड_मॉड्यूल्स' करावं लागतं. हेच '.ईएनव्ही'साठी कराल तेव्हा इतरांना आधी सांगा, कारण तुमच्याकडे फाइल राहते पण त्यांनी पुल केलं की त्यांच्या मशीनवरची पुसली जाते. '.ईएनव्ही'मधली गुप्त की पुश झालेली असेल तर फाइल काढून भागत नाही, ती जुन्या कमिटमध्ये आहेच. आधी ती की संबंधित सेवेवर जाऊन रद्द करा आणि नवी घ्या. इतिहास साफ करणं त्यानंतरचं.

पॅकेज-लॉक फाइलचा (एनपीएम पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीचा) कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवू नका. आधी 'पॅकेज.जेसन' नीट करा, लॉक फाइलची कुठलीही एक बाजू घ्या आणि 'एनपीएम इन्स्टॉल' चालवा, ती पुन्हा नीट तयार होते. एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल बायनरी असल्याने तिचा मर्ज होतच नाही. रेपोत तक्ते बनवणारी एसक्यूएल फाइल आणि नमुना डेटा भरणारी स्क्रिप्ट ठेवा. ज्युपिटर नोटबुकमधली आउटपुट 'एनबीस्ट्रिपआउट'ने कमिटच्या वेळीच गाळा. १०० एमबीहून मोठी फाइल गिटहब नाकारतं, आणि पुढच्या कमिटमध्ये ती डिलीट करूनही पुश अडतो, कारण इतिहासात ती राहिलेली असते. ज्या कमिटमध्ये ती आली तोच बदलावा लागतो.

फ्रंटएंडचं फोल्डर गिटहबवर बाणाच्या चिन्हासह दिसतं, उघडत नाही आणि इतरांच्या क्लोनमध्ये रिकामं येतं? त्या फोल्डरच्या आत आणखी एक '.गिट' आहे. प्रकल्प तयार करून देणारी काही साधनं ते स्वतःच बनवतात. आतला इतिहास नको असल्याची खात्री करा, आतलं '.गिट' काढा, मग 'गिट आरएम --कॅश्ड फ्रंटएंड' आणि 'गिट अ‍ॅड फ्रंटएंड'. आणि माझ्याकडे चालतं पण सर्व्हरवर फाइल सापडत नाही, असं झालं तर नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. विंडोज आणि मॅक एरवी त्यांत फरक करत नाहीत, लिनक्स करतं. नाव 'गिट एमव्ही'ने बदला.

आता कोणी किती काम केलं ते. कमिटवर कोणाचं नाव लागतं हे गिटहबच्या लॉगिनवर ठरत नाही, 'युजर.ईमेल' या सेटिंगवर ठरतं. प्रयोगशाळेतल्या सामाईक संगणकावर आधीच्या माणसाचा ईमेल ग्लोबल सेटिंगमध्ये राहिलेला असतो आणि तुमचं काम त्याच्या नावावर जातं. तिथे रेपोच्या आत जाऊन '--ग्लोबल' न लावता 'गिट कॉन्फिग युजर.ईमेल' आणि 'युजर.नेम' घाला. कमिट तुमच्याच पण दुसऱ्या ईमेलवर गेले असतील तर तो ईमेल गिटहबच्या खात्यात जोडा, जुने कमिटही तुमच्या नावावर दिसू लागतील. दोघांनी एका मशीनवर बसून काम केलं असेल तर कमिट संदेशाच्या शेवटी एक ओळ रिकामी सोडून 'को-ऑथर्ड-बाय:' पुढे जोडीदाराचं नाव आणि कोनी कंसात ईमेल लिहा, श्रेय दोघांना मिळतं.

गिटहबचा योगदानाचा आलेख फक्त मुख्य ब्रांचवरचे कमिट मोजतो, आणि स्क्वॉशमुळे पाचाचा एक होतो. म्हणून मार्गदर्शकांना आलेख किंवा ओळींची संख्या दाखवू नका. एका लॉक फाइलने कोणाच्याही नावावर हजारो ओळी चढतात. पुल रिक्वेस्टची यादी दाखवा: कोणी काय मांडलं, कोणी तपासलं, कुठे काय बदल सुचवला. ज्याने कोड कमी लिहिला पण सगळ्यांच्या चुका पकडल्या त्याचं कामही तिथे दिसतं.

शेवटच्या आठवड्यासाठी तुम्हाला आज करण्यासारखं एवढंच आहे: लॉगिनचं काम वर सांगितल्याप्रमाणे परत आणा, चौघांनी एकाच वेळी बसून उरलेले बदल एकेक करून मेनमध्ये आणा, प्रत्येक मर्जनंतर प्रोग्राम चालवा. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी मेनवर 'गिट टॅग -ए सादरीकरण-१' करा. टॅग साध्या पुशबरोबर जात नाही, 'गिट पुश ओरिजिन सादरीकरण-१' वेगळं करावं लागतं. मग ज्या मशीनवर प्रकल्प कधीच चालवलेला नाही तिथे नवा क्लोन घ्या, 'गिट स्विच --डिटॅच सादरीकरण-१' करा आणि फक्त रीडमीमध्ये लिहिलेल्या पायऱ्यांनी प्रकल्प चालतो का बघा. अडलं तर कमिट करायची राहिलेली एखादी फाइल किंवा रीडमीत न लिहिलेली सेटिंग इथेच सापडेल. ती दुरुस्त करून 'सादरीकरण-२' टॅग करा आणि तोच दाखवा.